डॉर्टमुंडमध्ये एकट्याने एक दिवस: शहर आणि सामना, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एकट्याने प्रवास करणाऱ्यांसाठी आहे. मुक्काम जर्मनीत कुठेही असो, एक पूर्ण दिवस डॉर्टमुंडला द्यायचा आणि त्याच दिवशी बुंडेसलिगाचा, म्हणजे जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगचा, सामनाही बघायचा, असं गृहीत धरलं आहे. सामन्याची वेळ ही खुंटी. बाकी दिवस तिला टांगायचा. उलट केलंत, म्हणजे आधी ठिकाणांची यादी आणि मग सामना, तर दोन्ही हातचं जातं.

डॉर्टमुंडच का? म्युनिक किंवा कोलोन का नाही?

म्युनिक शहर म्हणून जास्त देखणं आहे, कोलोनला कॅथेड्रल आहे. पण डॉर्टमुंडमध्ये रेल्वे स्टेशनच्या समोर जर्मन फुटबॉल संग्रहालय, तिथून चालत दहा मिनिटांवर जुनं शहर आणि आणखी तीन किलोमीटरवर ८१,३६५ क्षमतेचं स्टेडियम, म्हणजे जर्मनीतलं सगळ्यात मोठं. सगळं एका सरळ रेषेत, दक्षिणेकडे जाणारं. हाती एकच दिवस असलेल्या माणसाला यापेक्षा सोयीचं शहर मिळणं कठीण.

शिवाय इथे फुटबॉल हा शहराच्या कडेचा कार्यक्रम नसतो. कोळशाच्या खाणी गेल्या, पोलादाचे कारखाने गेले, बहुतेक ब्रुअरी गेल्या, क्लब राहिला: बोरुसिया डॉर्टमुंड. पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

सामन्याची नेमकी वेळ कधी कळते? विमानाचं तिकीट कधी काढू?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हंगामाचं वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं, पण त्यात फक्त शनिवार-रविवारचा आठवडा ठरलेला असतो. सामना शुक्रवारी, शनिवारी की रविवारी, आणि किती वाजता, हे लीग टप्प्याटप्प्याने, काही आठवडे आधी जाहीर करते. युरोपीय स्पर्धेत आठवड्याच्या मध्ये सामना असेल तर लीगचा सामना शनिवारचा रविवारी जाऊ शकतो.

नेहमीच्या वेळा अशा: शुक्रवारी रात्री ८:३०, शनिवारी दुपारी ३:३० आणि संध्याकाळी ६:३०, रविवारी ३:३०, ५:३० आणि कधी ७:३०. म्हणून भारतातून येणाऱ्याने शुक्रवार ते सोमवार सकाळ असा सगळा आठवडाअखेर मोकळा ठेवावा. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्यावं. लीग साधारण ऑगस्टच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत चालते आणि नाताळाच्या सुमारास सुट्टी असते. जून-जुलैत आलात तर संग्रहालय दिसेल, सामना नाही.

व्हिसाचं काय?

शेंगेन पर्यटक व्हिसा. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. पण १५ दिवसांवर विसंबू नका, अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. सामन्याचं तिकीट व्हिसासाठी लागत नाही. ते बऱ्याचदा व्हिसा आल्यावरच हाती येतं.

तिकीट कुठून घ्यायचं?

क्लबच्या स्वतःच्या तिकीट संकेतस्थळावरून. सुमारे ५५,००० जागा वार्षिक पासधारकांच्या आहेत, पाहुण्या संघाला वेगळा कोटा असतो, आणि उरलेल्यांवर आधी सभासदांचा हक्क. त्यामुळे खुल्या विक्रीला, तीही मोठ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, फारसं काही उरत नाही. मार्ग दोन. एक म्हणजे सभासद होणं, हे परदेशातूनही करता येतं. दुसरा म्हणजे क्लबचा अधिकृत पुनर्विक्री विभाग, जिथे पासधारक स्वतःला जाता येत नसेल तेव्हा आपली जागा विकायला ठेवतात. या जागा सामन्याच्या शेवटच्या काही दिवसांत येतात आणि पटकन जातात. खातं आधी उघडून, कार्ड जोडून ठेवा. तिकीट दिसल्यावर पत्ता टाइप करत बसलात तर ते गेलं समजा.

अनधिकृत संकेतस्थळांवर वीस युरोची उभी जागा दीडशेला दिसते. क्लबच्या अटींत चढ्या भावाची पुनर्विक्री बसत नाही, आणि असं तिकीट बाद केलं जाऊ शकतं. दारात लाल दिवा लागला की तिथे कुणाशी भांडणार? स्टेडियमबाहेर हातात तिकीट घेऊन उभ्या माणसाबद्दलही हेच.

एकट्याला तिकीट मिळणं सोपं की अवघड?

सोपं. चौघांना सलग जागा लागतात, तुम्हाला एक पुरते. पुनर्विक्रीत सुट्या जागाच जास्त येतात. एकट्या प्रवासाचा हा एक निखळ फायदा.

उभं राहून बघावं की बसून?

दक्षिणेकडची स्टँड, झ्युडट्रिब्यूने, म्हणजे ती प्रसिद्ध ‘पिवळी भिंत’. तिथे सुमारे २४,५०० माणसं उभी असतात. युरोपातला सगळ्यात मोठा उभ्याचा स्टँड. तिकीट साधारण वीस युरोच्या आसपास, म्हणजे सगळ्यात स्वस्त, आणि म्हणूनच मिळायला सगळ्यात कठीण.

तिथे ब्लॉक ठरलेला असतो, जागा नाही. ब्लॉकमध्ये लोखंडी आडव्या दांड्या असतात, गर्दीची लाट अडवणाऱ्या. चांगली जागा म्हणजे दांडीच्या लगेच मागे: पुढे टेकायला मिळतं आणि गोल झाल्यावर मागून येणारा लोंढा तुमच्या छातीवर नाही, दांडीवर जातो असं वाटतं. प्रत्यक्षात मात्र मागचे तुम्हालाच दांडीवर दाबतात. म्हणून उंची कमी असेल किंवा धक्क्यांची सवय नसेल तर दांडीच्या पुढच्या बाजूला, तिला पाठ लावून उभं राहा. मागचा जोर दांडी घेते. मोठे झेंडे हलत असताना अर्धं मैदान दिसत नाही, हेही मान्य असायला हवं. एकटे असाल तर मध्यंतराला बाहेर पडू नका, कारण जागा धरून ठेवायला कुणी नाही. पाणी पिणं, स्वच्छतागृह, सगळं सामन्याआधी उरकून घ्या.

पहिल्यांदाच जात असाल तर आमचं मत: पूर्व किंवा पश्चिम स्टँडमध्ये बसा, दक्षिणेच्या टोकाकडे. तिथून मैदानही दिसतं आणि ती भिंतही. भिंतीत उभं राहिलं की भिंत दिसत नाही.

तिकिटावर काय काय वाचायचं?

चार शब्द. ‘आइनगांग’ म्हणजे प्रवेशद्वार, ‘ब्लॉक’, ‘राइहे’ म्हणजे रांग, ‘प्लाट्झ’ म्हणजे आसन. त्याआधी दिशा: नॉर्ड, झ्यूड, ओस्ट, वेस्ट. चुकीच्या बाजूने गेलात तर ऐंशी हजारांच्या उलट्या प्रवाहात अख्ख्या स्टेडियमला वळसा पडतो, वीस मिनिटं सहज जातात. उत्तर बाजूच्या कोपऱ्यात पाहुण्या संघाचे लोक असतात. तिथलं तिकीट चुकून घेऊ नका. तिकीट मोबाइलवर असेल तर ते हॉटेलच्या वायफायवरच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. दारापाशी नेटवर्क कोलमडतं.

फ्रँकफुर्ट किंवा ड्युसेलडॉर्फहून कसं पोहोचायचं?

ड्युसेलडॉर्फ विमानतळावरून सगळ्यात सोपं. विमानतळाच्या इमारतीतून खाली लटकत धावणारी स्कायट्रेन घेऊन विमानतळाच्या रेल्वे स्टेशनला या, तिथून आरई १ किंवा आरई ६ ही प्रादेशिक गाडी, साधारण तासाभरात डॉर्टमुंड. फ्रँकफुर्ट विमानतळाच्या लांब पल्ल्याच्या स्टेशनवरून आयसीई या वेगवान गाडीने सव्वादोन-अडीच तास. कोलोनहून आयसीईने सव्वा तासाच्या आसपास.

स्वस्त आयसीई तिकीट ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं. गाड्या उशिरा धावतात, हे जर्मनच सगळ्यात आधी सांगतील. म्हणून लागेल त्यापेक्षा दोन तास आधीची गाडी घ्या. पोहोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि पुढच्या गाडीने जाता येतं. ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के परत मागता येतात.

सामन्याच्या तिकिटात त्या दिवसाचा व्हीआरआर (इथली प्रादेशिक वाहतूक संस्था) क्षेत्रातला लोकल आणि प्रादेशिक प्रवास धरलेला असतो. तिकिटावर तसा उल्लेख आहे ना, ते बघून घ्या. ड्युसेलडॉर्फ या क्षेत्रात येतं, कोलोन येत नाही. आयसीईला हे लागू नाही. महिनाभर जर्मनीत असाल तर डॉइचलँडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास, बरं: २०२६ पासून महिना ६३ युरो, पण ते वर्गणीच्या स्वरूपात असतं. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

बॅग कुठे ठेवू?

स्टेशनवरच्या लॉकरमध्ये, आणि सकाळीच. ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग स्टेडियमात नेता येत नाही. साधी कॉलेजची सॅकसुद्धा यात अडकते. सामन्याच्या दिवशी पाहुण्या संघाचे लोकही तेच लॉकर वापरतात, त्यामुळे दुपारी सगळ्यांची दारं बंद दिसतात. सुटी नाणी जवळ ठेवा. लॉकरची पावती किंवा किल्ली कुठे ठेवली त्याचा फोटो काढायचा नाही, ती खिशातच चेन लावून ठेवायची. गोल झाल्यावर खिशातून काय काय उडतं ते बघाल.

सामना दुपारी ३:३० चा असेल तर दिवस कसा लावायचा?

मागून मोजा. ३:३० ला चेंडू हलतो. २:४५ ला तुम्ही जागेवर असायला हवं, उभ्याचं तिकीट असेल तर २ वाजता. दारं साधारण दोन तास आधी उघडतात. म्हणजे शहराच्या मध्यातून १२:४५ ते १ च्या दरम्यान निघणं आलं. हातात उरते ती सकाळ.

नऊला स्टेशन, लॉकर, कॉफी. दहाला फुटबॉल संग्रहालय, स्टेशनच्या दाराबाहेर पडलं की समोरच. २०१५ मध्ये उघडलं. ऑनलाइन वेळेचं तिकीट घेतलेलं बरं. १९५४ च्या विश्वचषक अंतिम सामन्याचा मूळ चेंडू इथे आहे: तपकिरी चामड्याचा, शिवण दिसणारा. पावसात भिजून तो किती जड होत असेल, हा विचार काचेपाशी उभं राहिल्यावर आपोआप येतो. तो सामना बर्नमध्ये पावसातच झाला होता आणि पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ हरवलं होतं. दीड तास पुरतो. दोन तासांच्या वर गेलात तर जुनं शहर हुकतं.

साडेअकराला वेस्टनहेलवेगवरून पूर्वेकडे. ही पादचारी बाजारपेठ म्हणजे मध्ययुगातला व्यापारी रस्ता. वाटेत पेट्रीकिर्शे लागतं. आत १५२१ चा अँटवर्पहून आलेला भव्य वेदीपट आहे, त्याला ‘सोनेरी चमत्कार’ म्हणतात. पुढे राइनोल्डीकिर्शे, शहराच्या संरक्षक संताचं चर्च, आणि त्याच्या समोरच मारीएनकिर्शे. चित्रकला आवडत असेल तर इथेच थांबा: कॉनराड फॉन झोएस्टने साधारण १४२० मध्ये रंगवलेला वेदीपट इथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत या शहराचा मध्य जवळपास सपाट झाला होता, म्हणून आजूबाजूच्या इमारती बऱ्याच सपाट-चौकोनी दिसतात. ‘जुनं शहर’ या शब्दावरून रोथेनबुर्गसारखं जपलेलं मध्ययुगीन काही मनात धरून येऊ नका.

मग आल्टर मार्क्ट. सामन्याच्या दिवशी बारा वाजता हा चौक पिवळा-काळा झालेला असतो. इथे उभ्याने काहीतरी खा आणि दक्षिणेला चालू लागा.

सामना संध्याकाळी असेल तर?

मग खरं तर दिवस जास्त चांगला. सकाळी आरबी ४३ या प्रादेशिक गाडीने डॉर्टमुंड-ब्योव्हिंगहाउझेनला जाऊन त्सेखे त्सोलर्न बघा. ही जुनी कोळसा खाण, यंत्रघराला आर्ट नूव्हो शैलीचं रंगीत काचेचं प्रवेशद्वार. १९६९ मध्ये ही इमारत पाडण्यापासून वाचवली गेली आणि जर्मनीत कारखान्यांना वारसा मानायची सुरुवात झाली ती इथून.

किंवा ह्योर्डे या शहराच्या भागात फिनिक्स तलाव. तिथे पोलादाचा कारखाना होता. २००१ मध्ये बंद झाला, चिनी कामगारांनी तो सुटा करून चीनला नेला आणि उरलेल्या खड्ड्यात २४ हेक्टरचा तलाव केला. ह्योर्डे स्टेशन स्टेडियमच्या पुढचंच.

डॉर्टमुंडर यू मात्र अंधार पडल्यावर. युनियन ब्रुअरीची १९२० च्या दशकातली इमारत, माथ्यावर नऊ मीटर उंच सोनेरी ‘यू’ अक्षर, आणि त्याखाली पडद्यांवर हलती चित्रं. त्यात कबुतरं दिसली तर उगाच नाही: कबुतरांच्या शर्यती हा इथल्या खाणकामगारांचा जुना नाद. स्टेशनपासून पाच-सात मिनिटं.

रविवार किंवा सोमवार आला तर?

रविवारी दुकानं बंद, बाजारपेठ ओस. बेकऱ्या सकाळी काही तास उघड्या असतात. पाणी, औषध, सिमकार्ड शनिवारीच घ्या. संग्रहालयं रविवारी उघडी आणि सोमवारी बंद.

त्याच दिवशी स्टेडियमची टूरही करता येईल का?

सामन्याच्या दिवशी टूरचा नाद सोडा. टूर हवी असेल तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी. क्लबचं संग्रहालय, बोरुसेउम, स्टेडियमातच आहे.

त्यापेक्षा वेळ असेल तर यू ४४ या शहरी रेल्वेने बोर्सिगप्लाट्झला जा. सहा रस्त्यांचा गोल चौक, बघायला तसं काही नाही. पण १९ डिसेंबर १९०९ ला इथल्याच एका खानावळीत, चर्चच्या पाद्रीचा विरोध झुगारून पोरांनी क्लब काढला. नाव ठेवलं एका ब्रुअरीवरून. सुरुवातीचा गणवेश निळा-पांढरा होता, ही गोष्ट आजच्या डॉर्टमुंडकराला चारचौघांत ऐकवू नका.

का? निळ्याचं काय एवढं?

निळा-पांढरा म्हणजे शेजारच्या गेल्सनकिर्शेनचा शाल्के. इथे बरेच जण ते नावही उच्चारत नाहीत, ‘हेर्ने-वेस्ट’ म्हणतात. गडद निळं जॅकेट चालतं, चमकता रॉयल निळा स्वेटर हॉटेलवर ठेवा. स्कार्फ घ्यायचाच असेल तर साधा काळा-पिवळा घ्या. दोन्ही संघांची नावं असलेला अर्धा-अर्धा स्कार्फ इथल्या कट्टर लोकांना अजिबात आवडत नाही.

स्टेशनवरून स्टेडियमला कसं जायचं?

यू ४५ सामन्याच्या दिवशी थेट ‘स्टेडियन’ थांब्यापर्यंत जाते, दहा-बारा मिनिटं. आरबी ५९ सारखी प्रादेशिक गाडी स्टेडियमजवळच्या ‘सिग्नल इडुना पार्क’ थांब्याला नेते. पश्चिमेच्या जागा असतील तर यू ४२ ने ‘थिओडोर-फ्लिडनर-हाइम’ आणि तिथून चालत, इथे गर्दी कमी.

पण पाऊस नसेल तर चाला. होहे श्ट्रासेने सरळ दक्षिणेला, पस्तीस-चाळीस मिनिटं. वाट विचारावी लागत नाही. वाटेतल्या क्रॉयत्सफीर्टल वस्तीतले छोटे बार, कोपऱ्यावरचे पानटपरीएवढे किऑस्क, आणि हळूहळू वाढत जाणारी माणसं. काचेची बाटली रिकामी झाली की लोक ती कचराकुंडीच्या कडेला उभी ठेवतात, आत टाकत नाहीत. बाटली गोळा करणाऱ्याला तिचे पैसे मिळतात: बिअरच्या बाटलीचे ८ सेंट, कॅन आणि एकदा वापरायच्या बाटलीचे २५.

आत पैसे कसे द्यायचे? खायला काय?

कार्ड. यूपीआय नाही. प्यायच्या पेल्यावर अनामत असते, परत केला की मिळते. शहरात मात्र थोडी रोकड लागते: किऑस्क, लॉकर, स्वच्छतागृह.

शाकाहारींसाठी स्टेडियमात हमखास मिळणारं म्हणजे फ्रेंच फ्राइज आणि ब्रेझेल. पोट भरायचं ते शहरातच, फलाफल वगैरे खाऊन. एक सावधगिरी: ‘झाल्ट्सकुखन’ या नावाचा पाव बेकरीत दिसतो, निरागस दिसतो, पण त्यात बऱ्याचदा ‘मेट’ म्हणजे डुकराच्या मांसाचा कच्चा खिमा भरलेला असतो. ‘प्फेफरपोटहास्ट’ ही इथली खासियत गोमांसाची आहे. बिअर चाखायचीच तर ‘श्ट्योस्खेन’ मागा, छोटा पेला. पाणी मागताना ‘श्टिल’ म्हणा, नाहीतर सोडा येतो.

जर्मन येत नाही. आत काय चाललंय ते कळेल का?

कळेल. निवेदक खेळाडूचं पहिलं नाव घेतो, आडनाव स्टेडियम ओरडतं. गोल झाला की स्कोअर असाच वाटून म्हटला जातो. अनेक जर्मन स्टेडियमांत शेवटी निवेदक ‘डांके’ म्हणतो आणि लोक ‘बिट्टे’. दुसऱ्या वेळी तुम्हीही ओरडत असता. सामन्याआधी सगळे स्कार्फ दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरतात, तेव्हा फोन खाली ठेवा. मागच्याला दिसत नाही.

थंडी किती असते?

छप्पर सगळ्या स्टँडवर आहे, पण पायाखाली काँक्रीट. डिसेंबर-फेब्रुवारीत पाय आधी गारठतात, म्हणून जाड तळव्याचे बूट आणि दोन मोजे. डिसेंबरात साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. शहराचे फोटो सकाळीच काढा.

एकट्या बाईने जावं का?

जावं. स्टँडमध्ये मुली, बायका, आज्या भरपूर असतात. उभ्याऐवजी आसनाचं तिकीट घ्या. परतताना गाडीत दारू पिऊन गाणाऱ्यांचा डबा टाळायचा तर पुढचा-मागचा डबा निवडा. आपत्कालीन क्रमांक ११२, पोलीस ११०.

परतीची गाडी किती वाजताची घ्यायची?

साडेतीनचा सामना साधारण ५:२० ला संपतो. थांब्यावर पोलीस टप्प्याटप्प्याने आत सोडतात, त्यामुळे स्टेशनला पोहोचायला सव्वा तास धरा आणि सातच्या आधीची गाडी बांधून घेऊ नका. शेवटच्या शिट्टीनंतर लगेच उठूही नका: खेळाडू दक्षिण स्टँडसमोर येतात, ते बघा. तोवर पहिला लोंढा ओसरतो. चालत परत येणं बऱ्याचदा गाडीपेक्षा लवकर होतं. रात्री ८:३० चा सामना असेल तर त्या रात्री डॉर्टमुंडमध्येच राहा.

तिकीट मिळालंच नाही तर?

मोठ्या स्टेडियमला लागूनच १९२६ चं रोटे एर्डे आहे. १९७४ मध्ये मोठं स्टेडियम होईपर्यंत क्लब इथेच खेळायचा, आता दुसरा संघ खेळतो. तिकीट सहज मिळतं, आणि धावपट्टीच्या कडेला उभं राहून प्रशिक्षकाचं ओरडणं ऐकू येतं. किंवा बोखुम, प्रादेशिक गाडीने दहा-बारा मिनिटांवर. तेही नाही जमलं तर क्रॉयत्सफीर्टलमधल्या एखाद्या बारमध्ये सामना सुरू होण्याच्या तासभर आधी जाऊन बसा. उशिरा गेलात तर तिथेही उभंच राहावं लागेल.